५२५ पटीची दुर्बीण घेऊ का? निपाणीकडच्या एका पालकांना उत्तर

निपाणीजवळच्या एका गावातून प्रश्न आला आहे. मुलगी मराठी शाळेत आठवीत शिकते. सत्तावीस नक्षत्रांची नावं तोंडपाठ, पण आकाशात त्यातलं एकही दाखवता येत नाही. वडिलांनी ऑनलाइन ७६ मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, ‘५२५ पट’ मोठं दाखवते असं लिहिलेली दुर्बीण पाहिली आहे आणि ती घ्यावी का असं विचारलं आहे. आजी अवसेच्या रात्री पोरीला माळावर पाठवायला तयार नाही, ही दुसरी अडचण. आणि मुलीनं स्वतःचा एक प्रश्न खाली जोडला आहे: ताऱ्यांपर्यंत कुणी गेलेलं नाही, मग ते कशाचे बनलेत हे कळलं कसं?

आधी दुर्बिणीचं सांगतो, कारण तिथे पैसे अडकणार आहेत. ही दुर्बीण घेऊ नका.

५२५ हा आकडा कसा तयार होतो ते बघा. तिची फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून प्रतिमा जिथे जमते तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिलिमीटर. सोबत ४ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग, देतात. ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. वर तीनपटीची बार्लो लेन्स, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग, देतात, १७५ त्रिक ५२५. गणितात खोट नाही. पण बारकावा किती दिसणार हे आयपीसवर ठरत नाही, ते आरशाच्या व्यासावर ठरतं. आमचा जुना हिशेब असा की व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पट फार तर कामाची. ७६ ला दीडशे. त्याच्या पुढे गेलात की गुरू नुसता मोठा आणि मळकट दिसतो, पट्टे हरवतात. त्यात ती हलकी तिवई. ५२५ पटीला हाताचा नुसता स्पर्श झाला तरी ग्रह नजरेबाहेर जातो, आणि हात नाही लावला तरी पृथ्वीच्या फिरण्यानं तो काही सेकंदांत बाहेर जातोच. मुलं अशा दुर्बिणीला दोन-तीन रात्री डोळा लावतात आणि मग ती माळ्यावर जाते. शाळाशाळांतून दुर्बीण घेऊन फिरताना हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता कुणी विचारलं की पहिल्यांदा हेच सांगतो.

दुर्बिणीचं मुख्य काम उजेड गोळा करणं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचं भिंग तिच्या पन्नासएक पट उजेड घेतं, १५० मिलिमीटरचा आरसा साडेचारशे पटींच्या वर. व्यास दुप्पट केला की उजेड चौपट, कारण क्षेत्रफळ वर्गात वाढतं. मुलीचा प्रश्नही शेवटी याच उजेडापाशी येतो, त्यामुळे दुर्बिणीकडे नंतर परत येऊ.

पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. तिला सत्तावीस नावं येतात, ही मोठी पुंजी आहे. फक्त ती कशाला लावायची हे कुणी सांगितलेलं नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना ताऱ्यांमधून साधारण सव्वासत्तावीस दिवसांत एक फेरी करतो. त्या वाटेचे सत्तावीस भाग केले की एकेका दिवसाचा एकेक मुक्काम मिळतो, प्रत्येकी १३ अंश २० कला. म्हणजे पंचांगात आज रोहिणी लिहिलं असेल तर चंद्र आज आकाशाच्या त्या भागात आहे. बाहेर जाऊन बघायचं आणि चंद्राजवळ तो तांबूस रोहिणीचा तारा शोधायचा. महिन्यांची नावंही याच हिशेबानं पडली. कार्तिकी पौर्णिमेला पूर्ण चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, मार्गशीर्षात मृगशीर्षाच्या, माघात मघाच्या, चैत्रात चित्राच्या. कार्तिकी पौर्णिमेला चंद्राच्या उजेडात कृत्तिकांचा झुबका बुजून जातो, म्हणून चार-पाच दिवस थांबा, चंद्र उशिरा उगवायला लागला की संध्याकाळी पूर्वेला बघा.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, आणि तो शेतकऱ्याच्या घरात जास्त होतो. मिरग निघतो ७-८ जूनला, पेरणीची घाई तेव्हाच. मग मुलगी जूनमध्ये आकाशात मृग शोधते आणि तिला तो सापडत नाही. सापडणारच नाही. पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. ‘मिरग निघाला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात गेला. ज्या ताऱ्यांत सूर्य उभा आहे ते तारे त्याच्याबरोबर दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात. सहा महिने थांबा. डिसेंबरमध्ये सूर्य आकाशाच्या पलीकडच्या बाजूला जातो, आणि मृग संध्याकाळी पूर्वेला उगवून रात्रभर डोक्यावरून जातो. आजीला विचारा, ती त्या ओळीतल्या तीन ताऱ्यांना तिकांडं म्हणत असेल. तिकांड्याची रेघ खाली वाढवली की व्याध, साऱ्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. उलट बाजूला वाढवली की रोहिणी, आणखी पुढे कृत्तिका. एका रेघेवर एवढं सगळं मिळतं, म्हणून मी नवशिक्याला नेहमी मृगापासून सुरुवात करायला सांगतो. रोज एकाच वेळेला बघितलं तर तारे जवळपास चार मिनिटं लवकर आलेले दिसतील. महिन्याला दोन तास, वर्षात पूर्ण चक्कर. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा घरच्या अंगणात मिळणारा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही.

आजीच्या भीतीबद्दल. तिचं म्हणणं झटकून टाकू नका. रात्री रानात साप-विंचू असतो, पाय घसरतो, आणि तेरा वर्षांच्या पोरीनं एकटीनं जाऊच नये. पण अवस ही आकाश बघायची सगळ्यांत चांगली रात्र आहे, कारण चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, रात्री वर येतच नाही. पौर्णिमेच्या उजेडात आकाशगंगेचा पट्टा पार पुसला जातो. तेव्हा आजीलाच बरोबर घ्या. तिथी बघायची तिला सवय आहे, आणि तिथी म्हणजे दुसरं काही नसून सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन: दर १२ अंशांना एक तिथी. शुद्ध अष्टमीला हा कोन ९० अंशांच्या आसपास असतो, म्हणून अर्धा चंद्र आणि तो सूर्यास्ताला माथ्याच्या बाजूला. पुढे दुर्बीण आली की चंद्र बघायची रात्र हीच. पौर्णिमेला चंद्रावर सावल्या नसतात, सगळा सपाट दिसतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या लांब सावल्या पडतात आणि त्यांची खोली कळते.

आता आपल्या भागाचं एक भाग्य. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. उत्तरेला क्षितिजापासून दीड मुठीवर एक मध्यम तेजाचा तारा एकटा दिसेल, तो ध्रुव. ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. बेळगावला सुमारे १६ अंश, निपाणीला किंचित जास्त, खानापूरला किंचित कमी. ध्रुव इतका खाली आहे म्हणून कुणी नाराज होतं, पण त्याच्या बदल्यात आपल्याला दक्षिणेचं आकाश मिळतं. फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला दोन मुठींवर अगस्त्य असतो, व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. मेच्या मध्यात त्याच वेळेला दक्षिण क्षितिजावर दीड मुठीपेक्षा थोडा कमी उंच त्रिशंकू, चार ताऱ्यांचा क्रूस, उभा असतो. दिल्लीत तो क्षितिजाला जेमतेम टेकतो. त्याच्या डाव्या हाताला मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे. त्यातला मित्र म्हणजे सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवरची ताऱ्यांची मंडळी. दक्षिणेला डोंगर किंवा गावाचे दिवे नसलेली जागा शोधा, एवढंच.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट दिवसाढवळ्या करून बघण्यासारखी. मेच्या ३-४ तारखेच्या सुमारास बेळगावात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. निपाणीला ते एक-दोन दिवस उशिरा. पण घड्याळात बारा वाजता बघू नका. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण साधारण ७४.५ वर. आठ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार साडेबारा वाजता होते. ऑगस्टमध्येही असा दिवस येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात.

आता मुलीचा प्रश्न. सगळ्यांत चांगला प्रश्न तोच आहे आणि मला त्याचं उत्तर सविस्तर द्यायचंय.

ताऱ्यांकडून आपल्यापर्यंत येतं ते जवळपास सगळं उजेडाच्या रूपात येतं. तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. चंद्राचा उजेड सव्वा सेकंदात पोचतो, सूर्याचा आठ मिनिटं वीस सेकंदांत. व्याधाचा साडेआठ वर्षांत, प्रश्वाचा साडेअकरा वर्षांत. म्हणजे प्रश्वाचा जो उजेड ती आज बघेल तो निघाला तेव्हा ती पावलं टाकायला शिकली असेल. स्वातीचा उजेड ३७ वर्षांचा, कदाचित तुमच्याच वयाचा. कृत्तिकांचा चारशेहून जास्त वर्षांपूर्वीचा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवसेला शर्मिष्ठेच्या खाली देवयानीत जो पुसट धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, ती दुसरी आकाशगंगा आहे. तिचा उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला.

त्या उजेडात पहिली खबर मिळते ती रंगाची. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, आणखी तापलं की पांढरं. ताऱ्यांचंही तसंच. मृगातला काक्षी तांबडा दिसतो, त्याचा पृष्ठभाग सव्वातीन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास. सूर्य साडेपाच हजार. व्याध निळसर पांढरा, साडेनऊ हजारांच्या वर. तिला काक्षी आणि व्याध एकामागून एक बघायला सांगा, फरक डोळ्यांना कळतो.

पण कशाचे बनलेत, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी उजेड फोडावा लागतो. घरात जुनी सीडी असेल तर अंधाऱ्या खोलीत बल्बचा उजेड तिच्यावर तिरका घ्या, सगळे रंग सलग दिसतील. मग गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून, मोठ्या माणसानं जवळ उभं राहून, तोच प्रयोग करा. ज्योत पिवळी होते आणि सीडीत रंगांचा सलग पट्टा न दिसता जवळजवळ एकच पिवळा रंग वेगळा उठून दिसतो. तो मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा रेषा ठरलेल्या असतात, आणि दोन मूलद्रव्यांचा संच कधी सारखा नसतो. ताऱ्याच्या उजेडात या रेषा ओळखल्या की तिथे काय आहे ते कळलं. सीडीत सूर्याचं प्रतिबिंब मात्र कधी बघू नका, डोळा जाईल.

या गोष्टीत आपल्या भागाचंही नाव आहे, आणि ते इथल्या मुलांना कुणी सांगत नाही म्हणून मला वाईट वाटतं. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली हिंदुस्थानावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. उजेड फोडून बघण्याचं यंत्र, वर्णपटदर्शक, तेव्हा नवं होतं, आणि सूर्याच्या कडेला ग्रहणात दिसणाऱ्या लाल ज्वाळा कशाच्या आहेत हा मोठा वाद होता. रॉयल सोसायटीच्या वतीनं लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला येऊन थांबला होता. १७८१ मध्ये युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा तो नातवाचा मुलगा नव्हे, सख्खा नातू. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. ऑगस्ट महिना, ढग होतेच. ढगांच्या फटीतून त्याला ज्वाळांच्या उजेडात सलग पट्टा न दिसता सुट्या चमकदार रेषा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. सुट्या रेषा म्हणजे तप्त विरळ वायू. वाद तिथेच मिटला. त्याच दिवशी गुंटूरला फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यानंही हेच पाहिलं, आणि रेषा इतक्या झगझगीत होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या बघता येतील हे त्यानं दाखवून दिलं.

त्यातली ती नारिंगी-पिवळी रेषा जमखंडीच्या नोंदीत सोडियमची धरली गेली. पुढे नीट मोजली तेव्हा ती सोडियमच्या ठिकाणी बसेना. उजेडाच्या तरंगलांबीच्या मापात सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला. पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळत नव्हती. इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यानं त्या अज्ञात द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं. पृथ्वीवर तो वायू रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झेला सापडला १८९५ मध्ये. म्हणजे एक मूलद्रव्य आधी पंधरा कोटी किलोमीटरवर सापडलं, मग सत्तावीस वर्षांनी हातात आलं. मुलीला सांगा, तिच्या प्रश्नाचं उत्तर हे.

जाता जाता एक दुरुस्ती, कारण ही गोष्ट मराठीत फार पसरली आहे. लॉकियरनं विजयदुर्गावर उभं राहून हेलियम शोधला असं सांगतात. त्या ग्रहणाला लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्यानं सूर्यज्वाळांच्या रेषा पाहिल्या त्या २० ऑक्टोबर १८६८ ला, तिथूनच, ग्रहणाशिवाय. किनाऱ्यावरून जमखंडी-विजापूरकडे गेलेल्या त्या सावलीची खरी हकिकत एवढी चांगली आहे की तिला दुसऱ्या गोष्टीची गरज नाही.

आता दुर्बीण. सहा महिन्यांत तिला पंधरा-वीस तारे नावानं ओळखता यायला लागले की आधी १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. दहा पट आणि ५० मिलिमीटरची भिंगं. हिच्यात गुरूचे चार चंद्र दिसतात, हात स्थिर हवा, कोपर भिंतीला किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटला टेकवा. गॅलिलिओनं ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले. त्यातला आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी करतो, त्यामुळे सलग तीन-चार रात्री ठिपके वहीत काढले की त्यांची जागा बदलताना तिला स्वतःला दिसेल. याच आयोच्या ग्रहणांच्या वेळा पृथ्वी दूर गेली की उशिरा येतात हे बघून खगोलशास्त्रज्ञ रोमरनं १६७६ मध्ये उजेडाला वेग आहे हे ओळखलं. द्विनेत्रीत कृत्तिका डझनांनी दिसतात, तिकांड्याच्या खालचा मृगाचा तेजोमेघ दिसतो.

द्विनेत्री वर्षभर वापरली गेली, तरच पुढची पायरी. तेव्हा १३० किंवा १५० मिलिमीटरची आरशाची दुर्बीण, लाकडी पेटीसारख्या डॉब्सोनियन बैठकीवर. भिंगाची छोटी दुर्बीण दिसायला देखणी, पण भिंग वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर आणतं आणि तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी कड येते. आरसा सगळ्या रंगांना सारखं वागवतो, म्हणून न्यूटननं १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. १५० मिलिमीटर व्यास आणि १२०० मिलिमीटर फोकल लेंथ असेल तर २५ च्या आयपीसनं ४८ पट, १० च्या आयपीसनं १२० पट. हे दोन आयपीस पुरतात. शनीची कडी ४८ पटीलाच वेगळी दिसतात. २०२५ मध्ये ती आपल्याला कडेनं दिसत होती, पातळ रेघेसारखी. आता वर्षागणिक उघडत जाणार आहेत, मुलगी दहावी-बारावीत जाईपर्यंत उत्तम दिसतील. तेजोमेघ आणि दीर्घिका (दुसऱ्या आकाशगंगा) बघताना फोटोतले रंग शोधू नका, डोळ्याला मंद उजेडात रंग कळत नाहीत, राखाडी दिसतात. तेही किंचित नजर बाजूला ठेवून जास्त स्पष्ट. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झोतानं ते सगळं वाया जातं, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा. आणि दुर्बीण सूर्याकडे कधीही नाही. स्वस्त दुर्बिणीसोबत आयपीसवर लावायचा काळा फिल्टर येतो, तो आल्या दिवशीच फोडून टाका, उन्हानं तडकतो आणि तडकला त्या क्षणी डोळा आयपीसला असतो.

जागेबद्दल. निपाणी-चिकोडीकडे आकाश मोकळं आहे, पण कारखान्यांचा गळीत हंगाम आणि पाचट पेटवणं या दिवसांत धुराची चादर क्षितिजावर बसते. महामार्गाच्या आणि गावाच्या दिव्यांची बाजू पाठीला ठेवा. पाऊस संपून हवा धुतलेली असते ते दिवस, ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर, सगळ्यांत स्वच्छ. जांबोटी-कणकुंबीकडचा अंधार जास्त गडद आहे, पण ते रान गव्या-अस्वलांचं आहे, वस्तीला लागून असलेल्या अंगणातून बघा, आत शिरू नका. सिमेंटच्या गच्चीवर बसू नका, दिवसभर तापलेली गच्ची अर्ध्या रात्रीपर्यंत गरम हवा सोडते आणि ग्रह उकळत असल्यासारखे हलतात. मातीच्या अंगणात तोच गुरू शांत दिसतो. दुर्बीणही अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवा, आरसा हवेइतका थंड व्हायला हवा.

आणि आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर भिंगांवर बुरशी धरते, एकदा काचेवर कोरली गेली की निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आयपीस आणि द्विनेत्री ठेवा, पुड्या महिन्यातून एकदा उन्हात किंवा तव्यावर सुकवून घ्या. दवानं ओली झालेली दुर्बीण तशीच झाकण लावून ठेवू नका. आरशावर धूळ दिसली तरी कापडानं पुसू नका. थोडी धूळ काही बिघडवत नाही, पण एक ओरखडा कायमचा राहतो.